स्त्रियांचे स्वसंरक्षण आणि जपानी युद्धकला

शाळा-महाविद्यालयांतील उन्हाळी शिबिरे असोत की गृहनिर्माण संस्थांच्या गच्चीवर भरणारे संध्याकाळचे वर्ग असोत, मुलींना स्वसंरक्षण शिकवायचे म्हटले की पहिले नाव पुढे येते ते कराटेचे. त्यापाठोपाठ ज्युदो आणि मोठ्या शहरांत आयकिदो किंवा ज्युजुत्सू. या सर्व कला जपानमधून आलेल्या. पांढरा पोशाख, कमरेचा रंगीत पट्टा आणि एका सुरातील आरोळ्या हे दृश्य आता आपल्याला परके राहिलेले नाही. तथापि या कला मुळात कोणासाठी जन्मल्या, स्त्रियांच्या हाती त्या कशा आल्या आणि प्रत्यक्ष संकटात उपयोगी पडेल असे त्यांतून नेमके काय मिळते, याचा विचार वर्गात नाव घालण्यापूर्वी क्वचितच केला जातो. पट्ट्याचा रंग बदलत जातो आणि मुलगी आता सुरक्षित झाली, असा समज घरात रूढ होतो. हा समज धोक्याचा आहे. 'या साऱ्याचा काही उपयोग नाही' हे दुसरे टोकही तितकेच चुकीचे आहे. सत्य या दोहोंच्या मध्ये आहे आणि ते समजून घेण्यासाठी या कलांच्या इतिहासाकडे वळावे लागते.

'जुत्सू'पासून 'दो'पर्यंत

'जुत्सू' म्हणजे तंत्र आणि 'दो' म्हणजे मार्ग. सामुराई योद्ध्यांच्या काळात विकसित झालेल्या लढाईच्या तंत्रांना 'बुजुत्सू' म्हणत. त्यांपैकी ज्युजुत्सू ही निःशस्त्र अवस्थेत किंवा आखूड शस्त्रानिशी, अगदी जवळून लढण्याची विद्या. 'ज्यु' या शब्दाचा अर्थ मृदू किंवा लवचीक. प्रतिपक्षाच्या जोराला जोराने उत्तर न देता त्याच जोराचा उपयोग करून त्याचा तोल घालवायचा, हे तिचे सूत्र. १८६८ च्या मेइजी सत्तांतरानंतर जपानची जुनी समाजरचना बदलली आणि १८७६ मध्ये सामुराईंना तलवार बाळगण्यास बंदी झाली. जुन्या विद्यांचे आचार्य निराधार झाले आणि त्यांच्या शाळा ओस पडू लागल्या.

अशा काळात जिगोरो कानो (१८६० ते १९३८) या तरुण शिक्षकाने ज्युजुत्सूच्या दोन जुन्या परंपरांचा अभ्यास केला आणि १८८२ मध्ये टोकियोतील एइशोजी या मंदिराच्या आवारात बारा चटयांच्या जागेत, नऊ विद्यार्थ्यांसह 'कोदोकान' ही संस्था सुरू केली. त्यांनी आपल्या पद्धतीला 'ज्युदो' हे नाव दिले. कानो यांचे मोठे योगदान शिकवण्याच्या रीतीत आहे. सांधे मोडणारे, मर्मस्थानी आघात करणारे घातक प्रकार त्यांनी मुक्त सरावातून वगळले आणि ते 'काता' म्हणजे ठरावीक क्रमाने करावयाच्या जोडीच्या सरावापुरते ठेवले. उरलेले डाव मात्र दोघांनी पूर्ण ताकदीने, एकमेकांना प्रत्यक्ष विरोध करीत खेळायचे. या मुक्त सरावाला 'रान्दोरी' म्हणतात. 'काता' आणि 'रान्दोरी' यांतील हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. स्वसंरक्षणाच्या दृष्टीने तो कळीचा आहे.

कराटेचे मूळ ओकिनावा बेटांवरचे. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोत तिचे प्रात्यक्षिक दाखविले आणि पुढे ती जपानभर पसरली. आयकिदोचे प्रवर्तक मोरिहेई उएशिबा (१८८३ ते १९६९). त्यांनी जुन्या दाइतो-र्यू ज्युजुत्सूतून आपली पद्धत घडविली आणि १९४२ पासून ती 'आयकिदो' या नावाने ओळखली जाऊ लागली. म्हणजे आज आपण ज्यांना 'पारंपरिक' म्हणतो, त्यांपैकी बहुतेक कलांचे आजचे रूप शे-दीडशे वर्षांहून जुने नाही.

भाल्यासारखे शस्त्र, स्त्रियांचा वारसा

या कलांमध्ये स्त्रियांशी सर्वांत आधी जोडली गेली ती 'नागिनाता'. लांब दांड्याच्या टोकाला वक्र पाते असलेले हे शस्त्र मुळात पायदळाचे व भिक्षू-योद्ध्यांचे. इडो काळात (१६०३ ते १८६८) सामुराई घराण्यांतील मुलींना ते शिकविण्याची प्रथा पडली. घरातील पुरुष बाहेर असताना दारी आलेल्या शत्रूला अंतरावर रोखण्यासाठी लांब दांडा सोयीचा होता. १८६८ च्या आइझू येथील लढाईत ताकेको नाकानो या एकवीस वर्षांच्या तरुणीने स्त्रियांच्या तुकडीचे नेतृत्व केले. तिच्या हाती नागिनाता होती आणि समोर बंदुका होत्या. गोळी लागून ती रणांगणावरच मरण पावली.

विसाव्या शतकात जपानमधील मुलींच्या शाळांतून नागिनाता शिकविली जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्यावर बंदी आली आणि १९५५ मध्ये अखिल जपान नागिनाता महासंघ स्थापन होऊन ती खेळाच्या रूपात परतली. जपानमध्ये आजही तिच्या अभ्यासकांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. लोकलच्या डब्यात कोणी दोन मीटरचा दांडा घेऊन चढत नाही, हे खरे. परंतु आपण आणि समोरचा यांच्यातील अंतर सतत मोजत राहण्याची जी सवय नागिनाता लावते, ती निःशस्त्र स्त्रीलाही उपयोगी आहे. या अंतराला जपानी भाषेत 'माआइ' असा स्वतंत्र शब्दच आहे.

कोदोकानचे उघडलेले आणि अर्धवट मिटलेले दार

कानो यांनी १८९३ च्या सुमारास पहिल्या स्त्री-शिष्येला शिकविण्यास सुरुवात केली. १९२६ मध्ये कोदोकानमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग निघाला. त्या काळाचा विचार करता हे पाऊल मोठे होते. परंतु स्त्रियांना स्पर्धेत उतरण्याची मुभा नव्हती. त्यांचा भर 'काता'वर असावा, असा संकेत होता. स्त्रियांच्या काळ्या पट्ट्यावर मधोमध पांढरी रेघ असे. १९४३ मध्ये कोदोकानने 'जोशी गोशिनहो' म्हणजे स्त्रियांची स्वसंरक्षण पद्धती तयार केली. तिचे तीन भाग आहेत. शरीर वळवून मार्गातून दूर होणे, पकडीतून सुटणे आणि प्रतिपक्षाला काबूत आणणे. हा क्रम अर्थपूर्ण आहे. आधी बाजूला व्हा, मग सुटा, आणि अगदीच गरज पडली तर काबूत आणा.

केइको फुकुदा (१९१३ ते २०१३) यांचे आयुष्य म्हणजे या अर्धवट उघड्या दाराशी दिलेला लढाच होय. कानो यांच्या ज्युजुत्सूच्या गुरूंची ही नात १९३५ मध्ये कोदोकानमध्ये दाखल झाली. उंची पाच फुटांहून कमी. विवाह केल्यास ज्युदो सोडावा लागेल म्हणून त्या अविवाहित राहिल्या. स्त्रियांना पाचव्या 'डान'च्या पुढे बढती न देण्याचा नियम होता. १९५३ मध्ये पाचवा डान मिळविलेल्या फुकुदा यांना सहाव्यासाठी १९७२ पर्यंत थांबावे लागले आणि तेही नियमाविरुद्ध पत्रांची मोहीम झाल्यानंतर. पुढे अमेरिकेत स्थायिक होऊन त्यांनी अखेरपर्यंत शिकविले. २००६ मध्ये कोदोकानने त्यांना नववा डान दिला आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या ज्युदो संघटनेने दहावा. स्त्रियांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा १९८० मध्ये न्यूयॉर्क येथे झाली आणि ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांचा ज्युदो पदकांसह आला तो १९९२ च्या बार्सिलोना स्पर्धेत.

लंडनच्या रस्त्यावर ज्युजुत्सू

स्त्रियांनी संघटितपणे, राजकीय हेतूने ज्युजुत्सू वापरल्याचे ठळक उदाहरण मात्र जपानचे नसून इंग्लंडचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही जपानी तज्ज्ञ लंडनला आले. त्यांपैकी सादाकाझू उयेनिशी यांच्याकडे विल्यम व एडिथ गॅरुड हे दांपत्य ज्युजुत्सू शिकले आणि १९०८ मध्ये त्यांनीच ती व्यायामशाळा चालवायला घेतली. एडिथ गॅरुड (१८७२ ते १९७१) यांची उंची चार फूट अकरा इंच. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या चळवळीतील कार्यकर्त्यांना त्यांनी ही विद्या शिकविण्यास प्रारंभ केला.

त्याची निकड काय होती, हे १८ नोव्हेंबर १९१० या दिवसाने दाखविले. पार्लमेंटवर गेलेल्या स्त्रियांना त्या दिवशी पोलिसांनी व बघ्यांनी तासन्‌तास मारहाण केली. अनेकींच्या अंगचटीला जाण्याचेही प्रकार झाले. तो दिवस 'काळा शुक्रवार' म्हणून इतिहासात नोंदला गेला. १९१३ मध्ये सरकारने नवा कायदा केला. उपोषणाने खंगलेल्या स्त्री-कैद्यांना तात्पुरते सोडायचे आणि त्या बऱ्या झाल्या की पुन्हा पकडायचे, असे त्याचे स्वरूप असल्याने लोक त्याला 'मांजर आणि उंदीर कायदा' म्हणू लागले. नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांची पुन्हा अटक टाळण्यासाठी सुमारे तीस स्त्रियांचे अंगरक्षक दल उभे राहिले. त्यांना गॅरुड यांनी गुप्तपणे ज्युजुत्सूचे धडे दिले. या स्त्रियांच्या झग्यांत लपविलेल्या लाकडी 'इंडियन क्लब'चे मूळ आपल्या तालमीतील मुद्गलांचे, ही यातील एक गंमत.

मार्च १९१४ मध्ये ग्लासगो येथील सभेत या दलाची पोलिसांशी व्यासपीठावरच झटापट झाली. तरीही पँकहर्स्ट यांना अटक झालीच. अन्य प्रसंगी मात्र या दलाने त्यांना निसटून जाण्यास वेळ मिळवून दिला. पोलिसांना हरविणे हे त्या स्त्रियांचे उद्दिष्ट नव्हते. काही क्षण मिळवणे आणि त्या क्षणांत माणूस सोडवणे, एवढेच होते. स्वसंरक्षणाची याहून नेमकी व्याख्या करणे अवघड आहे.

शांतिनिकेतनातील प्रयोग

भारतात ही विद्या स्त्रियांपर्यंत पोहोचविण्याचे एक आरंभीचे श्रेय रवींद्रनाथ टागोरांकडे जाते. शांतिनिकेतनात १९०५ मध्येच एका जपानी शिक्षकाने ज्युजुत्सूचे पाठ दिले होते. पुढे रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून कोदोकानचे शिंझो ताकागाकी १९२९ मध्ये तेथे आले आणि मुलांबरोबर मुलीही शिकू लागल्या. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांच्या मातोश्री अमिता सेन या त्यांपैकी एक. अनोळखी पुरुषासमोर मान वर करण्याचीही ज्या समाजात मुलीला मुभा नव्हती, तेथे मुली चटईवर एकमेकींना उचलून टाकीत होत्या. १९३१ मध्ये कलकत्त्यातील एका नाट्यगृहात या विद्यार्थ्यांचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि त्यासाठी रवींद्रनाथांनी खास एक गीत रचले. मनातील संकोच हाच आपला पहिला अवमान, हा त्याचा आशय. ताकागाकी परतल्यावर हा उपक्रम मंदावला. पण संकोच मोडणे हाच स्वसंरक्षणाचा पहिला पाठ आहे, हे रवींद्रनाथांनी अचूक ओळखले होते.

कोणती कला काय देते?

ज्युदो : पकडणे, तोल बिघडविणे, पाडणे आणि जमिनीवर दाबून धरणे, हा ज्युदोचा गाभा. आपल्या कुस्तीशी त्याचे नाते सहज दिसते. प्रतिपक्षाला पाठीवर घेऊन पुढे टाकण्याचा 'सेओइ-नागे' पाहताना धोबीपछाड आठवल्याशिवाय राहत नाही. ज्युदोचे बळ रान्दोरीत आहे. शिकणारीला आठवड्यातून अनेकदा खरोखर विरोध करणाऱ्या शरीराचा अनुभव येतो. अंगावर कोणाचे तरी वजन आले, दम कोंडला, तरी मन शांत ठेवून मार्ग काढण्याची सवय होते. डोळ्यांनी न पाहता केवळ स्पर्शावरूनही तोल ओळखता येत असल्याने दृष्टिहीन व्यक्तीही ज्युदो खेळतात. पॅरालिम्पिकमध्ये दृष्टिहीन स्त्रियांच्या ज्युदोला २००४ पासून स्थान आहे. आघातांना उत्तर देण्याचा सराव मात्र क्रीडा-ज्युदोत नसतो.

ज्युजुत्सू : यात आघात, सांध्यांचे पेच, गळपकडीतून सुटका असे सर्वच प्रकार येतात. मात्र जुन्या शाळांचा भर काता-सरावावर असतो. ज्युदो परदेशी नेणाऱ्यांपैकी मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले. तेथे त्यांच्या शिकवणुकीतून जमिनीवरील झुंजीवर भर देणारी ब्राझिलियन जिउ-जित्सू विकसित झाली. पाठीवर पाडले गेल्यानंतर काय करायचे, या प्रश्नाचे सर्वांत सविस्तर उत्तर या शाखेकडे आहे.

कराटे : हात, कोपर, गुडघा व पाय यांच्या आघातांची ही कला. स्पर्धेत मिटलेल्या मुठीचे ठोसे दिसतात. प्रत्यक्षात सराव नसलेल्या हाताची बोटे कठीण हाडावर आदळून मोडू शकतात. म्हणून स्वसंरक्षणाच्या वर्गात तळहाताच्या टाचेचा आघात, कोपर आणि गुडघा यांवर भर द्यावा लागतो. हे सर्व प्रकार पारंपरिक कराटेत आहेतच. शितो-र्यू शाखेचे संस्थापक केन्वा माबुनी यांनी स्त्रियांच्या स्वसंरक्षणासाठी 'आओयागी' नावाचा खास काता रचला, ही नोंदही उल्लेखनीय आहे.

आयकिदो : मनगट, कोपर आणि खांदा यांच्या सांध्यांवरील पेच, तसेच वर्तुळाकार हालचालींनी हल्ल्याची दिशा बदलणे, हे याचे वैशिष्ट्य. उएशिबा यांच्या मुख्य परंपरेत स्पर्धा नाहीत. त्यांच्या दोजोत १९३३ पासून ताकाको कुनिगोशी ही तरुणी शिकत होती आणि त्यांच्या आरंभीच्या तंत्रपुस्तकातील रेखाटने तिनेच काढली. शरीराची ठेवण, तोल व शांत चित्त यांसाठी आयकिदो उत्तम. परंतु सहकार्य करणाऱ्या जोडीदारासोबत शिकलेला मनगटाचा पेच झगडणाऱ्या माणसावर लागू व्हायला वर्षे जातात. चार महिन्यांत संकटाला तोंड देता येईल, अशी अपेक्षा या कलेकडून ठेवू नये.

आधी शिकण्याच्या चार गोष्टी

कला कोणतीही निवडली तरी चार गोष्टी नवशिक्या स्त्रीला सर्वांत लवकर उपयोगी पडतात.

पहिली म्हणजे पडणे. याला 'उकेमी' म्हणतात. हनुवटी छातीशी टेकवून डोके वाचवायचे, श्वास सोडायचा, अंग गोलाकार करायचे आणि हाताने टेकण्याचा मोह टाळायचा. ढकलून पाडलेल्या स्त्रीचे डोके जमिनीवर आपटले तर पुढील सारे डाव व्यर्थ ठरतात. न्हाणीघरात पाय घसरला किंवा दुचाकीवरून पडलो तर हीच विद्या उपयोगी येते.

दुसरी म्हणजे अंतर. समोरची व्यक्ती हात लांब करून पोहोचणार नाही एवढे अंतर राखणे, ते कमी होऊ लागताच तिरके मागे सरकणे आणि बाहेर जाण्याची वाट आपल्या पाठीशी मोकळी ठेवणे.

तिसरी म्हणजे पकडीतून सुटणे. मनगट पकडणाऱ्या मुठीत चार बोटे एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला असतो. जेथे अंगठा व बोटांची टोके भेटतात, तेथे पकड सर्वांत कमकुवत असते. हात सरळ मागे ओढल्यास आपण त्याच्या चारही बोटांशी झगडतो. त्याऐवजी मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवून, एक पाऊल पुढे टाकून, आपले कोपर त्याच्या कोपराकडे नेल्यास केवळ अंगठ्याशी सामना उरतो. जोर हाताचा नव्हे, संपूर्ण शरीराचा लागतो. वाचून हे समजते. अंगवळणी पडते ते शेकडो वेळा केल्यावरच.

चौथी म्हणजे आवाज. 'किआइ' या आरोळीकडे अनेक मुली सुरुवातीला लाजेने पाहतात. लहानपणापासून 'हळू बोल' असे ऐकत आलेल्या मुलीला पोटातून ओरडता येणे हा मोठा बदल असतो. आरोळीने श्वास सुटतो, शरीर गोठत नाही आणि आजूबाजूच्यांचे लक्ष वेधले जाते. 'मागे हो', 'हात काढ' असे स्पष्ट शब्द उच्चारण्याचा सरावही वर्गात व्हायला हवा.

मर्यादांचे भान

'लहान चणीची व्यक्ती दांडग्यालाही लीलया लोळवते' हे वाक्य जाहिरातीत शोभते. वस्तुस्थिती निराळी आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ज्युदो प्रथम आला तेव्हा वजनगट ठेवलेच होते. वजनाची मर्यादा नसलेल्या खुल्या गटात तर यजमानांच्या डोळ्यांदेखत सुवर्णपदक जिंकले ते जवळजवळ दोन मीटर उंचीच्या अँटन गेसिंक या डच खेळाडूने. आज स्त्रियांच्या ऑलिम्पिक ज्युदोत ४८ किलोपासून ७८ किलोंपुढील असे सात गट आहेत. कौशल्य सारखे असेल तर वजन आणि ताकद जिंकते, हे ज्युदोने स्वतःच मान्य केले आहे. म्हणून स्वसंरक्षणाचे ध्येय प्रतिपक्षाला पराभूत करणे हे नसून सुटून मदतीपर्यंत पोहोचणे हे असले पाहिजे. शस्त्राच्या बाबतीत हे अधिकच खरे. १९५६ मध्ये कोदोकानने बांधलेल्या 'गोशिन-जुत्सू' या कातातील एकवीस प्रकारांत सुरी, काठी आणि पिस्तूल यांच्याविरुद्धचे बचाव आहेत. पण तो ठरलेल्या क्रमाचा सराव आहे. सुरी दाखवून कोणी पर्स मागितली तर ती देऊन टाकणे, हाच शहाणपणा.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. बहुतेक वर्गांत हल्लेखोर म्हणून अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस कल्पिलेला असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी मात्र वर्षानुवर्षे हेच सांगते, की नोंद झालेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, वरिष्ठ. अशा माणसावर हात उगारताना मनच आधी अडखळते. गैरसमज तर होत नाही ना, घरचे काय म्हणतील, नोकरीचे काय, हे प्रश्न कोणत्याही पेचाने सुटत नाहीत.

या प्रश्नाला भिडणारे एक महत्त्वाचे संशोधन २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडातील तीन विद्यापीठांतील ८९३ विद्यार्थिनींचे दोन गट केले गेले. एका गटाला केवळ माहितीपत्रके दिली. दुसऱ्याला प्रत्येकी तीन तासांच्या चार सत्रांचे प्रशिक्षण दिले. ओळखीच्या पुरुषाच्या वागण्यातील धोक्याची लक्षणे ओळखणे, ती मान्य करण्यातील मनाचे अडथळे दूर करणे, शब्दांनी ठाम नकार देणे आणि शारीरिक प्रतिकार, असा त्याचा आराखडा होता. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण पहिल्या गटात ९.८ टक्के, तर प्रशिक्षित गटात ५.२ टक्के आढळले. बारा तासांत कोणी काळा पट्टा मिळवीत नाही. बदल घडला तो धोका वेळीच ओळखणे, नकार आणि शारीरिक तंत्र यांच्या एकत्रित शिक्षणाने.

प्रतिकार झाला नाही तर?

भीतीने शरीर गोठणे ही नैसर्गिक प्रतिक्रिया आहे. प्रशिक्षित व्यक्तीच्या बाबतीतही ती घडू शकते. म्हणून 'कराटे येत होते, मग प्रतिकार का केला नाहीस?' हा प्रश्न कोणत्याही स्त्रीला विचारला जाता कामा नये. हा प्रश्न किती क्रूर ठरू शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या, 'मथुरा' या नावाने ओळखल्या गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना निर्दोष ठरविले. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, हे त्यामागील एक कारण होते. वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि उपेंद्र बक्षी या चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे, की शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीची संमती गृहीत धरता येणार नाही. ज्या जपानमध्ये या कला जन्मल्या, तेथेही २०२३ मध्ये दंडसंहिता बदलली आणि भीतीने वा धक्क्याने गोठून जाण्याच्या स्थितीची दखल कायद्याने घेतली.

प्रतिकार करणाऱ्या स्त्रीलाही कायद्याचे संरक्षण आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्कासंबंधी आहेत. बलात्कार, अपहरण, आम्लहल्ला किंवा जिवावरचा हल्ला यांची वाजवी भीती असेल, तर हल्लेखोराचा मृत्यू ओढवला तरी कलम ३८ अन्वये तो हक्क टिकतो. मात्र बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि धोका टळल्यावर हा हक्क संपतो. हल्लेखोर पळू लागल्यावर त्याचा पाठलाग करून मारणे हे स्वसंरक्षण नव्हे.

वर्ग निवडताना

प्रवेश घेण्यापूर्वी किमान दोन तास वर्ग पाहावा. विरोध करणाऱ्या जोडीदारासोबत सराव होतो की केवळ हवेत हातपाय चालतात? पडायला आधी शिकवितात का? चटया पुरेशा आहेत का? वेगवेगळ्या वजनाच्या, स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही जोडीदारांसोबत सरावाची संधी आहे का? ओळखीच्या माणसाला नकार कसा द्यावा, यावर कधी बोलले जाते का? काही महिन्यांत काळा पट्टा देण्याचे आश्वासन मिळाले, तर दुसरीकडे चौकशी करावी. नियमित सराव करूनही काळ्या पट्ट्याला साधारणपणे काही वर्षे लागतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोजो स्वतः सुरक्षित असला पाहिजे. जपानच्या राष्ट्रीय संघातील पंधरा महिला ज्युदोपटूंनी प्रशिक्षणातील मारहाणीविरुद्ध तक्रार केल्याचे २०१३ मध्ये उघड झाले आणि मुख्य प्रशिक्षकांना पद सोडावे लागले. जागतिक दर्जाच्या खेळाडूंवर ही वेळ आली. मग गुरूची आज्ञा निमूटपणे पाळण्याचे संस्कार झालेल्या चौदा वर्षांच्या मुलीची स्थिती काय असेल? स्पर्शाची ही कला शिकविताना प्रशिक्षक आधी सांगतो का, 'नको' म्हटल्यावर थांबतो का, पालकांना वर्ग पाहू देतो का, हे तपासावे. दुखू लागल्यास चटईवर हात थोपटायचा आणि समोरच्याने तत्क्षणी सोडायचे, हा ज्युदोतील नियम आहे. ज्या वर्गात तो कसोशीने पाळला जातो, तेथे मुलगी डावांसोबत आणखीही एक गोष्ट शिकते. तिच्या नकाराला अर्थ आहे आणि तो मानला जाणे हा तिचा हक्क आहे.

पकडीतून सुटल्यावर गर्दीच्या वा उजेडाच्या दिशेने जावे. संकटात ११२ हा क्रमांक फिरवावा. सांगण्याजोगे वाटेल त्या पहिल्या विश्वासू व्यक्तीला घडलेले सांगावे. कला शिकण्याचा निर्णय स्त्रीचा आहे आणि तो तिला बळच देईल. हल्ला न करण्याची जबाबदारी मात्र पूर्णपणे दुसऱ्याची आहे आणि ती कोणत्याही पट्ट्याने बदलत नाही.